सेवा मोठी की पदवी? सहकारी बँकेतल्या पात्रता-नियमांचा इतिहास

आजचा विषय वरवर बघितला तर रुक्ष आहे. सहकारी संस्थेत आधीपासून नोकरी करणाऱ्या माणसाला सहकारी बँकेतली जागा हवी असेल, तर त्याचं शिक्षण किती असावं, हा आजचा प्रश्न. कुणी म्हणेल, हा तर परिपत्रकांचा विषय, यात इतिहास कुठून आला? पण सव्वाशे वर्षांच्या सहकारी चळवळीत हा प्रश्न पुन्हा पुन्हा वर आलेला आहे आणि दर वेळी त्याचं उत्तर बदललेलं आहे. ते का बदललं, हे आज आपण बघणार आहोत.

आधी एक माणूस डोळ्यांसमोर आणूया. हा कुणी खरा, नावागावाचा माणूस नाही. पण आपल्यापैकी ज्यांचं गावाशी नातं आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल. विकास सोसायटीचा सचिव. बारावी झालेला. वीस-बावीस वर्षं रोजकीर्द लिहितोय, खतावणी करतोय, कमाल मर्यादा पत्रक तयार करतोय, सात-बारा बघून पीककर्जाची प्रकरणं बँकेत पाठवतोय, मार्च आला की वसुलीसाठी दारोदार फिरतोय. कुठल्या सभासदाची जमीन कालव्याखाली येते आणि कुणाची कोरडवाहू, हे त्याला पाठ असतं. जिल्हा बँकेच्या शाखेतला नवा लिपिक अडला की यालाच फोन करतो. आणि एक दिवस त्याच बँकेची जाहिरात येते: लिपिक पदासाठी पदवी आवश्यक, संगणक प्रमाणपत्र आवश्यक. म्हणजे ज्याला तो काम शिकवतो, ती जागा त्याला स्वतःला मिळू शकत नाही.

हे अन्यायाचं आहे का? आमचं उत्तर लगेच 'हो' असं नाही, आणि 'नाही' असंही नाही. त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

सुरुवात: बिनपगारी माणसांची चळवळ

२५ मार्च १९०४ रोजी सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्यात, गदगजवळच्या कणगिनहाळ गावी शेतकऱ्यांची पतसंस्था उभी राहिली. या संस्थांपुढचा नमुना जर्मनीतल्या रायफायझन पतपेढ्यांचा होता. त्या नमुन्याचं एक तत्त्व आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचं आहे. संस्थेतली कामं मानद, म्हणजे बिनपगारी. मोबदला मिळालाच तर फक्त हिशेब लिहिणाऱ्याला.

आता विचार करा, १९०५ साली खेड्यात हिशेब लिहिता येणारा माणूस कोण? एक तर कुलकर्णी किंवा तलाठी, नाहीतर शाळामास्तर. मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस म्हणजे त्या काळचा सुशिक्षित. त्यामुळे पुष्कळ सोसायट्यांचे सचिव मास्तरच असायचे. शाळा सुटली की सोसायटीचं दप्तर उघडायचं. शैक्षणिक पात्रतेचा नियम तेव्हा लिहावाच लागला नाही, कारण ज्याला लिहिता येत होतं तोच पात्र होता.

पण याची दुसरी बाजूही होती. १९०४ च्या कायद्यानं प्रत्येक संस्थेचा हिशेब दर वर्षी तपासून घेण्याची जबाबदारी निबंधकावर टाकली होती. संस्था दहा-वीस असेपर्यंत ते जमलं. १९१२ चा नवा कायदा आला, त्यानं संस्थांच्या संस्था, म्हणजे मध्यवर्ती बँका काढायची वाट मोकळी केली, आणि संस्थांची संख्या झपाट्यानं वाढली. मॅक्लॅगन समितीनं १९१५ मध्ये अहवाल दिला तेव्हा चिंता हीच होती: संस्था नोंदवल्या जातायत, पण त्या चालवायच्या कशा, हे समजणारी माणसं कुठं आहेत?

वैकुंठभाईंची वाट: काम करणाऱ्यालाच शिकवा

मुंबई इलाख्यानं या प्रश्नाला दिलेलं उत्तर वेगळं होतं. १९११ मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकारानं मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. आजच्या राज्य सहकारी बँकेचं मूळ तिथं आहे. लल्लूभाईंचे चिरंजीव वैकुंठभाई मेहता तरुणपणीच त्या बँकेच्या कामात आले आणि १९४६ मध्ये मंत्री होईपर्यंत तिथंच राहिले. आणि १९१८ मध्ये सहकारी शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था इलाख्यात सुरू झाली. सचिवांचे वर्ग, कमिटी सभासदांचे वर्ग, निरीक्षकांचे वर्ग तिनं चालवले.

या वाटेमागचा विचार लक्षात घ्या. बाहेरून शिकलेला माणूस आणून संस्थेत बसवायचा नाही. संस्थेत असलेल्या माणसाला शिकवायचं. पात्रता ही दाराशी उभं राहून तपासायची गोष्ट नव्हती, आत आल्यावर द्यायची गोष्ट होती. इथं 'शिक्षण' आणि 'सेवा' एकमेकांच्या विरोधात उभे नाहीत. आज आपण 'सेवा की शिक्षण' असा प्रश्न विचारतो, तो त्या पिढीला विचित्र वाटला असता.

१९४७ मध्ये पुण्यात सहकारी प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झालं. १९५३ मध्ये केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँक यांनी मिळून सहकारी प्रशिक्षणाची केंद्रीय समिती नेमली. पुण्याचं ते केंद्र वाढत गेलं आणि १९६७ मध्ये त्यातूनच वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था उभी राहिली. रिझर्व्ह बँकेनं १९६९ मध्ये पुण्यातच सहकारी बँकर्ससाठी वेगळं महाविद्यालय काढलं. या सगळ्याच्या खालच्या पायरीवर जिल्ह्याजिल्ह्यांत सहकारी मंडळांचे वर्ग होते. राज्याच्या सहकार खात्यानं घेतलेली सहकार व हिशेबनिसाची शासकीय पदविका, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'जीडीसी अँड ए', ही तर घरोघरी ओळखीची झाली. सहा पेपर. हिशेब, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास आणि तत्त्वं, सहकारी कायदा, बँकिंग वगैरे. दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास करून ही परीक्षा पास झालेल्या माणसांनी महाराष्ट्रातल्या कित्येक संस्थांचं दप्तर सांभाळलं.

लहान संस्था, अर्धा पगार आणि गटसचिव

मग गाडी अडली कुठं? पैशावर अडली.

१९५४ मध्ये गोरवाला समितीचा ग्रामीण पतपाहणीचा अहवाल आला. त्यातला एक आकडा प्रसिद्ध आहे: शेतकऱ्यानं काढलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के, आणि सावकारांचा ७० टक्क्यांच्या आसपास. पन्नास वर्षांच्या चळवळीनंतर ही अवस्था! समितीनं सुचवलं की संस्था मोठ्या करा, अनेक गावांच्या मिळून करा, आणि पूर्णवेळ पगारी, प्रशिक्षित सचिव नेमा. धनंजयराव गाडगीळ या समितीत होते, हेही लक्षात ठेवूया.

पण १९५८ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेनं दिशा फिरवली. एक गाव, एक संस्था, हा आग्रह आला. तत्त्व म्हणून ते चांगलंच होतं, कारण लहान गावात माणूस माणसाला ओळखतो. पण लहान संस्थेचं उत्पन्न लहान, आणि लहान उत्पन्नात शिकलेला पगारी सचिव परवडत नाही. १९६० मध्ये वैकुंठभाईंच्याच अध्यक्षतेखालच्या समितीनं मधला मार्ग सुचवला: साधारण तीन हजार लोकवस्ती आणि तीन-चार मैलांचा परिसर, एवढी संस्था तग धरू शकेल.

महाराष्ट्रात या अडचणीतून एक खास आपली व्यवस्था जन्माला आली, ती म्हणजे गटसचिव. तीन-चार सोसायट्यांना मिळून एक सचिव. त्याचा पगार एका संस्थेनं द्यायचा नाही, संस्थांच्या वर्गणीतून द्यायचा. त्याचं केडर जिल्हा पातळीवर, देखरेख संघाकडे किंवा तशा यंत्रणेकडे. कल्पना चांगली होती. बदली होऊ शकते, म्हणून एका गावच्या पुढाऱ्याच्या मुठीत सचिव राहणार नाही.

पण यातच पुढच्या तंट्याचं बीज पडलं. गटसचिव कुणाचा नोकर? सोसायटी म्हणते, आमचा नाही, तो केडरचा. बँक म्हणते, आमचा नाही, तो सोसायट्यांचा. काम मात्र तो जिल्हा बँकेच्या कर्जवाटपाचंच करतो. वर्गणी थकली की त्याचा पगार थकतो. त्याच्या मनात एकच आशा असते, बँकेत सामावून घेतील. आणि नेमक्या त्या दारावर पात्रतेची पाटी लागलेली असते.

पाटी कुणी लावली आणि कशासाठी?

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू, आणि नीट ऐकू. कारण पात्रतेचा नियम हा केवळ वरच्यांनी खालच्यांना अडवण्यासाठी केला, असं म्हणणं इतिहासाला धरून होणार नाही.

१ मार्च १९६६ पासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला. म्हणजे त्या दिवसापासून सहकारी बँक ही सहकारी संस्था होतीच, शिवाय बँकही झाली. तिच्यात ठेवी येऊ लागल्या, निवृत्त शिक्षकाच्या, दूधवाल्याच्या, मुलीच्या लग्नासाठी साठवणाऱ्याच्या. आणि नेमणुका कोण करत होतं? निवडून आलेलं संचालक मंडळ. ज्याच्याकडे शिफारस करण्यासारखा माणूस होता, त्याचं काम व्हायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर वशिला. लेखी पात्रता नसेल, तर 'हा आमचा जुना माणूस आहे' एवढं वाक्य पुरेसं व्हायचं. आणि यात सगळ्यांत जास्त मार बसायचा तो कुणाला? ज्याच्या पाठीशी कुणी नाही अशा जुन्या, प्रामाणिक कर्मचाऱ्यालाच. तेव्हा पात्रतेचा नियम हा त्याच्यासाठीही संरक्षण होता.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याच्या कलम ७४ मध्ये व्यवस्थापक, सचिव, लेखापाल अशा अधिकाऱ्यांची पात्रता निबंधकानं ठरवायची तरतूद आहे. म्हणजे पात्रता ठरवायचा अधिकार संचालक मंडळाच्या मर्जीतून काढून बाहेरच्या यंत्रणेकडे दिला. २००५ मध्ये वैद्यनाथन समितीनं सहकारी पतरचनेचं पुनरुज्जीवन सुचवलं, तेव्हा तिचा एक मुख्य मुद्दा व्यावसायिक मुख्य कार्यकारी अधिकारी हाच होता. २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त झालं, २०१९ मध्ये मुंबईतल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदार रस्त्यावर आले. २०२० मध्ये बँकिंग नियमन कायदा दुरुस्त झाला, आणि २५ जून २०२१ ला रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांच्या व्यवस्थापकीय संचालकांसाठी निकष काढले: पदवी, तिच्या जोडीला शक्यतो बँकिंगमधली किंवा सहकारी व्यवसाय व्यवस्थापनाची पदविका, किंवा सनदी लेखापाल वगैरे, किंवा पदव्युत्तर शिक्षण, बँकिंग क्षेत्रात मध्यम वा वरिष्ठ पातळीवरचा आठ वर्षांचा अनुभव, वय ३५ ते ७०.

या निकषात एक गोष्ट बघा. वरच्या खुर्चीसाठी शिक्षण आणि अनुभव, दोन्ही मागितलंय. मग खालच्या खुर्चीसाठी, लिपिकासाठी, अनुभव शून्य धरून फक्त पदवी का मागायची? हा प्रश्न रास्त आहे.

न्यायालयं काय म्हणतात

नोकरदार माणूस न्यायालयात गेला तेव्हा काय झालं? हे निकाल सरकारी सेवेतले आहेत, सहकारी बँकेला ते जसेच्या तसे लागू होतीलच असं नाही. पण विचाराची दिशा त्यातून कळते.

१९७३ मध्ये जम्मू-काश्मीर राज्य विरुद्ध त्रिलोकीनाथ खोसा हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. सहायक अभियंते एकाच संवर्गातले, काही पदवीधर, काही पदविकाधारक. नियम असा झाला की कार्यकारी अभियंता म्हणून बढती फक्त पदवीधरांना. पदविकावाले म्हणाले, आम्ही तेच काम करतोय. न्यायालयानं नियम वैध ठरवला. प्रशासकीय कार्यक्षमतेसाठी शिक्षणाच्या आधारावर फरक करता येतो, असं म्हटलं. पण पुढच्याच वर्षी मोहम्मद शुजात अली प्रकरणात न्यायालयानं सावध केलं, की असे वर्ग पाडण्याचा सपाटा लावला तर समानतेचं तत्त्वच बुडेल.

दुसरा मुद्दा तारखेचा. अर्जाच्या शेवटच्या दिवशी पात्रता हातात हवी, निकाल नंतर लागला तर चालणार नाही, असं १९९७ मध्ये अशोक कुमार शर्मा प्रकरणात स्पष्ट झालं. रात्री अभ्यास करून परीक्षा दिलेल्या आणि निकालाची वाट बघणाऱ्या किती जणांचे अर्ज या एका तारखेनं बाद होत असतील, याचा विचार करा.

तिसरा मुद्दा सर्वांत जिव्हाळ्याचा. मी नोकरीला लागलो तेव्हा बढतीला बारावी पुरेशी होती. जागा रिकामी झाली आणि नंतर नियम बदलला. मग मला कुठला नियम लागणार? १९८३ च्या रंगय्या निकालावरून अनेक वर्षं उत्तर असं दिलं जायचं, की जागा रिकामी झाली त्या वेळचा जुना नियम. २० मे २०२२ ला हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध राज कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते मोडीत काढलं. जुन्या नियमावर असा सरसकट हक्क नाही. म्हणजे 'मी लागलो तेव्हा असं नव्हतं' या वाक्याचं वजन आता कमी झालं आहे. जुन्या कर्मचाऱ्याला वाचवायचं असेल तर नव्या नियमातच तशी स्पष्ट तरतूद लिहावी लागते. ती आपोआप मिळत नाही.

केरळनं काय केलं

इथं थोडं बाहेर डोकावूया. केरळमध्ये जिल्हा सहकारी बँकांची भरती राज्य लोकसेवा आयोगाकडे गेली. त्याच वेळी थेट भरतीतला निम्मा वाटा सदस्य-संस्थांमध्ये आधीपासून काम करणाऱ्यांसाठी राखून ठेवला गेला. काही वर्षांची नियमित सेवा हवी, आणि शैक्षणिक पात्रता मात्र हवीच: सहकार विषयासह पदवी, किंवा पदवी आणि सहकाराची पदविका. २०१९ मध्ये तिथल्या १३ जिल्हा बँका विलीन होऊन केरळ बँक झाली.

या व्यवस्थेतलं मर्म असं, की सूट स्पर्धेत दिली, पात्रतेत दिली नाही. जुन्या कर्मचाऱ्याला ताज्या पदवीधराशी सामना करावा लागत नाही, त्याच्यासारख्याच लोकांशी करावा लागतो; पण शिकायला त्याला लागतंच. आणि सहकाराच्या पदविकेला तिथं दारात किंमत आहे. आपल्याकडे जाहिरातीत 'कोणत्याही शाखेची पदवी' चालते. म्हणजे ज्यानं सहकाराचं पानही उघडलं नाही तो पात्र, आणि ज्यानं सहकारातच आयुष्य काढलं तो अपात्र. आमच्या मते दोष पात्रता मागण्यात नाही, चुकीची पात्रता मागण्यात आहे.

मग करायचं काय?

आज राज्यात ३१ जिल्हा मध्यवर्ती बँका आहेत आणि सुमारे २१ हजार प्राथमिक शेती पतसंस्था. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या ६३ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटी रुपयांची योजना. म्हणजे आपला तो सचिव, बारावी झालेला, आता रोजकीर्द सोडून संगणकावर नोंदी करायला शिकतोय. त्याला ते काम सांगताना कुणी पदवी विचारत नाही. जबाबदारी देताना तो पात्र आणि जागा देताना अपात्र, हे गणित कुठंतरी चुकतंय.

इतिहासातून आम्हाला तीन गोष्टी दिसतात. एक, पात्रतेचा नियम सैल केला की फायदा जुन्या कर्मचाऱ्याला मिळेलच असं नाही, बहुतेकदा तो वशिल्याला मिळतो. म्हणून नियम हवा, लेखी हवा, आणि जाहिरातीच्या आधी ठरलेला हवा. दोन, नियम बदलताना जे आधीच आत आहेत त्यांना मुदत हवी. अमुक वर्षांत अमुक परीक्षा पास व्हा, तोवर तुमचा हक्क राखून ठेवतो, असं सांगितलं तर माणूस शिकतो. दार एकदम लावलं तर तो फक्त चिडतो. तीन, शिकायची सोय हवी. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, त्यामुळे नोकरी करत पदवी घेणं हजारोंना शक्य झालं. २०१३ मध्ये आपल्या सहकार कायद्यात कलम २४ क आलं, त्यात कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी स्पष्ट लिहिली आहे. कागद आहे, संस्था आहेत. फक्त प्रशिक्षण आणि बढती यांची गाठ कुणी मारलेली नाही. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भिंतीवर लागतं, सेवापुस्तकात त्याचा उपयोग होत नाही.

आमच्यातल्या काही जणांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, ठेवीदाराचा पैसा आहे, तिथं भावना चालणार नाहीत. बरोबर आहे. आम्हीही भावनेनं बोलत नाही. पीककर्ज बुडणार की नाही, हे ज्याला शेत बघून कळतं त्याचं ज्ञान हे बँकेचं भांडवल आहे. ते भांडवल दाराबाहेर ठेवणं ठेवीदाराच्याही हिताचं नाही. पण त्या ज्ञानाला ताळेबंद वाचता यायला हवा, कायदा कळायला हवा, हेही तितकंच खरं.

शंभर वर्षांपूर्वी सोसायटीच्या मास्तरला कुणीतरी म्हणालं होतं, तुम्ही काम सोडू नका, वर्गाला या. चळवळ त्या निमंत्रणावर वाढली. आजच्या जाहिरातीत अटी सगळ्या आहेत, ते निमंत्रण तेवढं राहून गेलंय.

पुढच्या वेळी आपण याच धाग्यातला दुसरा प्रश्न घेणार आहोत: सोसायटीचं लेखापरीक्षण सरकारी खात्याकडून खासगी लेखापरीक्षकांकडे कसं गेलं आणि त्यानं काय बदललं. ज्यांनी स्वतः गटसचिव म्हणून किंवा बँकेत काम केलंय, त्यांनी आपले अनुभव जरूर सांगावेत, त्यातून आमच्याही चुका दुरुस्त होतात. इथं थांबतो.